नागपूरचे छप्पन्न अंश

३० मे २०२४. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू होऊन पाच-सहा दिवस झाले होते. या दिवसांत ऊन किती आहे हे नागपूरकराला कोणी सांगावे लागत नाही, पण त्या दिवसाचा एक आकडा मोबाईलवरून मोबाईलवर धावत सुटला. रामदासपेठेत पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने कमाल तापमान ५६ अंश सेल्सिअस नोंदवले होते. शहरातल्याच आणखी एका केंद्राने ५४ दाखवले.

छप्पन्न म्हणजे किती, हे आधी पाहू. पृथ्वीवर अधिकृतपणे नोंदलेले सर्वाधिक तापमान ५६.७ अंश आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचे, १९१३ सालचे. भारताचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ मधला ५१. खुद्द नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेला होता. म्हणजे रामदासपेठ एका दुपारीत फलोदीला पाच अंशांनी मागे टाकून जगाच्या उच्चांकाला जवळजवळ भिडली, असा त्या आकड्याचा अर्थ होत होता. त्याच वेळी शहर परिसरातली इतर केंद्रे ४४ च्या आसपास होती. हा इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा बिघाड आहे, असे हवामान विभागाने स्पष्ट केले आणि विषय संपला. मोबाईलवर मात्र तो अजून संपलेला नाही. दर मे महिन्यात कोणीतरी तो ‘विक्रम’ पुन्हा पाठवतोच.

मला यात विनोदापेक्षा जास्त काही दिसते. शहर सेन्सरच्या भरवशावर चालवायचे म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

हवेचे तापमान मोजणे दिसते तेवढे सोपे नसते. थर्मामीटर उन्हात धरला तर तो हवेचे नव्हे, स्वतःचे तापमान सांगतो, कारण ऊन त्याच्यावरच पडत असते. म्हणून वेधशाळेत तो झिलमिल्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवतात. आत वारा खेळता राहतो, ऊन शिरत नाही, आणि दार उत्तरेला असते. स्वयंचलित केंद्रात पेटीऐवजी एकावर एक रचलेल्या पांढऱ्या बशांसारखे कवच असते, आणि पाऱ्याच्या जागी सेन्सर. सर्रास वापरला जाणारा एक प्रकार म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. तापमान वाढले की तिचा विद्युतरोध वाढतो. शून्य अंशाला १०० ओहम रोध असलेली तार ४४ अंशांना सुमारे ११७.१ ओहम दाखवते आणि ५६ अंशांना १२१.७. बारा अंशांचा फरक, पण तारेच्या लेखी तो साडेचार ओहमच्या थोडा वर. जोडणीचा स्क्रू सैल झाला किंवा टोकावर गंज चढला, तर एवढा जादा रोध सहज येऊ शकतो, आणि यंत्र बिचारे त्यालाच ऊन समजते. चांगल्या उपकरणात म्हणूनच दोनऐवजी तीन किंवा चार तारा जोडतात. जोडणीचा रोध वेगळा मोजता येतो आणि तो वजा करता येतो.

असा चुकीचा आकडा लोकांपर्यंत जाण्याआधी पकडता येतो का? येतो, आणि त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही लागत नाही. या ठिकाणी हे तापमान शक्य तरी आहे का, हा पहिला प्रश्न. मागच्या पंधरा मिनिटांत आकड्याने वेडीवाकडी उडी मारली का, हा दुसरा. तिसरा सर्वांत उपयोगी: शेजारी काय म्हणतात? पाच किलोमीटरवरच्या केंद्रात ४४ असताना इथे ५६ असेल, तर संगणकाने तो आकडा बाजूला ठेवून माणसाला हाक मारायला हवी. पण शेजाऱ्याला विचारायचे तर शेजारी असावा लागतो. शहरात एकच केंद्र असेल तर त्याचे खरे-खोटे करायला कोणी नसते. एका महागड्या यंत्रापेक्षा बरी, नियमित तपासली जाणारी दहा यंत्रे शहराला अधिक कामाची, असे माझे मत आहे. त्यात ‘नियमित तपासली जाणारी’ हे शब्द सोडून देता येत नाहीत. निविदा यंत्रांच्या खरेदीची निघते, उद्घाटन यंत्रांचे होते. दर सहा महिन्यांनी शिडी लावून कवचावरची धूळ पुसणाऱ्या माणसाचा फोटो कुठेच छापून येत नाही.

छप्पन्न अंशांची चूक तशी सभ्य म्हणायची, कारण ती लगेच ओळखू येते. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. तपासात ते यंत्र प्रमाणित उपकरणापेक्षा तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. खरी डोकेदुखी ती तीन अंशांची. मैदानी भागात कमाल तापमान ४५ ला पोचले की उष्णतेची लाट आणि ४७ ला पोचले की तीव्र लाट, असा हवामान विभागाचा एक निकष आहे. खरे ४४ आणि दाखवलेले ४७, एवढ्या फरकाने काहीच नसताना थेट तीव्र लाटेचा इशारा निघू शकतो. उलट बाजूने चूक झाली तर इशारा निघायचाच राहून जातो.

आता उन्हाळ्यात हमखास दिसणाऱ्या दुसऱ्या चित्राकडे वळू: उपग्रहाने टिपलेला शहराचा लालभडक नकाशा. नागपूर या कामात नशीबवान आहे. राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथेच, इस्रोचे मध्य विभागीय केंद्रही इथेच. पण त्या नकाशात दिसते ते हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे तापमान. पत्र्याचे छप्पर, डांबर, विमानतळाची धावपट्टी, मोकळे शेत, यांना हात लावला तर जेवढे पोळेल तेवढे. मे महिन्यात शहराबाहेरचे नांगरून ठेवलेले काळ्या मातीचे रान सकाळी साडेदहाच्या सुमाराला इतवारीच्या दाट बाजारपेठेपेक्षाही तप्त दिसू शकते. आणि लँडसॅट उपग्रह आपल्यावरून जातो तो नेमका त्याच सुमाराला, एकच उपग्रह धरला तर दर सोळा दिवसांनी. शहर आपली खरी उष्णता दाखवते रात्री. दिवसभर प्यालेले ऊन भिंती आणि रस्ते सूर्यास्तानंतर सोडू लागतात. रान तासा-दोन तासांत निवते, महाल या जुन्या वस्तीतली बोळ मध्यरात्रीही धग सोडत राहते. त्यामुळे सकाळचा नकाशा पाहून ‘शहर गावापेक्षा थंड आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला आकडे खोटे पाडत नाहीत. त्याने प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो.

तोच नकाशा दुसऱ्या कामाला मात्र उत्तम आहे. कोणत्या वस्तीत पत्र्याची छपरे दाटीने आहेत, चुना किंवा पांढरा रंग आधी कुठे मारावा, झाडे कुठे नाहीतच, हे त्यावर स्वच्छ दिसते. छपराचे तापमान विचारायचे असेल तर छपराचाच नकाशा हवा.

तिसरी गोष्ट कूलरवाल्या शहराला सांगायला नको, तरी सांगतो. तापमानाचा आकडा बरोबर असला तरी अंगाला काय होते ते तो एकटा सांगत नाही. वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्यांमधून झिरपणारे पाणी हवेतली उष्णता घेऊन वाफ होते आणि गार झोत येतो. हवा किती गार होऊ शकते याला एक मर्यादा असते. तिला ओल्या फडक्याचे तापमान म्हणता येईल, कारण थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून ते मोजतात. ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हे तापमान साधारण २३ येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पारा ४० वर उतरला आणि आर्द्रता ४५ टक्क्यांवर गेली, की तेच जवळजवळ ३० होते. आकडा चार अंशांनी खाली, आणि कूलर असून नसल्यासारखा. घामाचेही तेच, तोही अंगावरचा कूलरच. ‘आज उतरलं बरं का’ म्हणत दुपट्टा न बांधता बाहेर पडण्याचे हे दिवस अजिबात नव्हेत.

आता मोजमापाकडून उपयोगाकडे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत भीषण लाट आली. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या मृत्युनोंदी काढून आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त निघाले. यातल्या बहुतेक दाखल्यांवर ‘उष्माघात’ असे लिहिलेले नव्हते. अशा दाखल्यांवर सहसा हृदयविकार, मूत्रपिंड, वार्धक्य असेच काहीबाही असते. ऊन असे चोरपावलांनी मारते, आणि एकेका दाखल्यात न दिसणारी गोष्ट बेरजेत दिसते. त्यातून अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा केला, आणि २०१६ मध्ये नागपूरनेही तो मार्ग धरला: इशारा मिळताच बागा दुपारीही उघड्या ठेवणे, पाण्याची सोय, दवाखान्यात थंड कक्ष, कामाच्या वेळा बदलणे.

इथे महत्त्वाचा सेन्सर कोणता होता? जन्म-मृत्यू नोंदणीचे रजिस्टर. भिंतभर पडद्यांच्या नियंत्रण कक्षात नेत्यांना फिरवून आणतात, पण उन्हाने किती माणसे गेली याचे उत्तर महापालिकेच्या झोन कार्यालयातल्या त्या नोंदणीत असते. ती त्याच दिवशी संगणकावर चढली, वय आणि वस्तीसह चढली, तर लाट चालू असतानाच कळेल की माणसे कुठे दगावत आहेत. महिन्याने चढली तर शोधनिबंध होईल.

पाण्याच्या हिशेबातही असाच एक साधा, सुंदर आकडा आहे: रात्री दोन ते चारचा प्रवाह. एका जलकुंभावरून ज्या वस्तीला पाणी जाते तिच्या तोंडाशी मीटर बसवला, की त्या वेळी जवळजवळ कोणी पाणी वापरत नाही असे धरून जो प्रवाह उरतो त्यातला मोठा भाग गळतीचा मानतात. चोवीस तास पाण्याचा प्रयोग धरमपेठेपासून करणाऱ्या नागपुरात ही मोजणी विशेष कामाची, कारण नळ्यांत सतत दाब असला की गळतीही सतत चालू राहते. फक्त मे महिन्यात जपून. रात्रभर चालणाऱ्या कूलरच्या टाक्या भरत असतील तर तो प्रवाह गळतीचा नसून लोकांच्या झोपेचा असतो. जानेवारीचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय मेच्या आकड्यावर खोदकाम काढू नये.

शेवटी रस्ते. केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच प्राणांतिक किंवा गंभीर अपघात झाले, किंवा दहा जण मेले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे जागा धोक्याची आहे हे कळायला आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पाने हा क्रम उलटा करायचा प्रयत्न केला. चिप बनवणारी इंटेल, हैदराबादची ट्रिपलआयटी ही माहिती तंत्रज्ञान संस्था, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महापालिका यांनी शहर बसमध्ये पुढे पाहणारे कॅमेरे बसवले. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला दहा मीटर कापते. वीस मीटरवर कोणी अचानक थांबले तर ड्रायव्हरच्या हाती दोन सेकंद. त्यातला एक तरी ब्रेकवर पाय जाण्यातच जातो. यंत्र तेवढ्यात सावध करते आणि ती जागा नोंदवून ठेवते. अपघात क्वचित होतात, थोडक्यात टळलेले मात्र रोज. म्हणून एखादा चौक ‘ग्रे’, म्हणजे धोक्याकडे झुकलेला, आहे हे तो काळा होण्याआधी दिसू शकते.

यातही दोन गोम आहेत. शहर बस मध्यवर्ती सीताबर्डीतून दिवसाला शेकडो वेळा जाते आणि बाहेरच्या एखाद्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कधीच नाही. नुसते इशारे मोजले तर सीताबर्डी सर्वांत धोक्याची आणि तो लेआउट शंभर टक्के सुरक्षित. म्हणून इशारे बसच्या फेऱ्यांनी भागावे लागतात, आणि जिथे फेरीच नाही तिथला नकाशा पांढरा न ठेवता ‘माहिती नाही’ अशा रंगाने भरावा लागतो.

दुसरी अधिक फसवी. सर्वांत वाईट वर्ष पाहून चौक निवडला, तिथे गतिरोधक घातला, दिवा लावला, झाडाची आड येणारी फांदी कापली, आणि पुढच्या वर्षी आकडे उतरले. ते कामामुळे उतरले की वाईट वर्षानंतर बहुधा बरे वर्ष येतेच म्हणून? संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात, आणि काहीही न करता ते घडते. याचा निकाल लावायचा तर सुधारलेल्या चौकाबरोबर तितक्याच वाईट, पण हात न लावलेल्या दुसऱ्या चौकाची मोजणीही पुढची दोन-तीन वर्षे चालू ठेवावी लागते. तिथले नगरसेवक त्याला तयार होतील का, हा प्रश्न विज्ञानाच्या बाहेरचा.