टेक स्टॉक

टेक स्टॉक : चालू काम क्षणभर थांबवून आपल्या हाताशी काय आहे, काय निसटले आहे आणि पुढे काय करणे शक्य आहे याचा अंदाज घेणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. मुळात तो व्यापारातला आहे. दुकानातील वा गोदामातील माल प्रत्यक्ष मोजून त्याची यादी करणे हा त्याचा वाच्यार्थ. माणसाच्या आयुष्याला किंवा संस्थेच्या कारभाराला तो लक्षणेने लागू झाला.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी असे वाक्प्रचार बहुधा अर्थासह पाठ करून घेतले जातात. सोलापुरात त्याची गरज नाही. घरी तेलुगू वा कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या येथील मुलांनाही ‘स्टॉक’ हा शब्द दुकानातूनच ठाऊक असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्या सुमारास चादरी-टॉवेलांच्या दुकानात माल मोजायला काढतात. एकजण फळीवरचे गठ्ठे उतरवून ‘सिंगल’, ‘डबल’ असे पुकारत नग सांगतो आणि दुसरा लिहून घेतो. मोजणी चालू असताना विक्री झाली तर आकडा चुकतो, म्हणून तेवढा वेळ गिऱ्हाईक थांबवावे लागते. वाक्प्रचारातील थांबण्याची छटा येथूनच उमगते. वहीतील शिल्लक आणि फळीवरची शिल्लक क्वचितच जुळते. किनार उसवलेली, रंग उतरलेली किंवा डिझाइन जुने झाल्याने पडून राहिलेली चादर नगात धरली जाते, पण तिची किंमत खरेदीची न धरता बाजारात येईल तेवढीच धरतात. मजुरीवर विणणाऱ्या कारखानदाराच्या शेडमध्ये दुसऱ्या व्यापाऱ्याचे सूत पडलेले असते. ते डोळ्यांसमोर असूनही त्याच्या मालात मोजले जात नाही. केवळ नग न मोजता त्यांची आजची किंमत आणि मालकी ठरवणे, हा या वाक्प्रचाराचा गाभा म्हणावा लागेल.

मराठीत त्याला ‘आढावा घेणे’ जवळचे आहे. ‘सिंहावलोकन’ मात्र मागील वाटचालीकडे पाहते, तर येथे रोख आजच्या शिल्लकीवर असतो.

वापरात चुका ठरलेल्या आहेत. स्टॉकपूर्वी ‘अ’ लावून ‘टेक अ स्टॉक’ म्हणणे अशुद्ध आहे. ज्याचा आढावा घ्यायचा त्यापूर्वी ‘ऑफ’ येते, उदाहरणार्थ ‘टेक स्टॉक ऑफ द सिच्युएशन’. भूतकाळी ‘टुक स्टॉक’ होते. शेअर बाजाराशी त्याचा संबंध जोडणे हीही नेहमीची गफलत. ‘ऑफ’ऐवजी ‘इन’ आले तर अर्थच पालटतो : ‘टेक स्टॉक इन’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर भरवसा ठेवणे, आणि हा प्रयोग मुख्यतः अमेरिकी इंग्रजीत व बहुधा नकारार्थी वाक्यांत आढळतो.