रॅम आठ जीबी, पण पट्ट्या किती?

गेल्या जूनमध्ये भाचीसाठी लॅपटॉप घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. अकरावीचा अभ्यास, प्रोजेक्टची पीपीटी आणि शनिवार-रविवारी थोडं व्हॅलोरंट (नेमबाजीचा गेम), एवढीच गरज. बजेट चाळीस हजारांच्या आत. दुकानदार प्रत्येक मॉडेल दाखवताना म्हणायचा, “आठ जीबी रॅम आहे, गेम मस्त पळेल.” मी विचारलं, “एक पट्टी की दोन?” तो म्हणाला, “काय फरक पडतो? आठ म्हणजे आठ.”

फरक पडतो, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्वात जास्त पडतो. रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणारी मेमरी, एका किंवा दोन छोट्या पट्ट्यांवर येते.

अभ्यासाचं लवकर उरकतं. आठ जीबी रॅम आणि फाइली साठवायला वेगवान एसएसडी असली की काम भागतं, तिच्याऐवजी येणारं संथ ईएमएमसी स्टोरेज तेवढं टाळायचं. खरी गंमत गेमची आहे. या किमतीत वेगळं ग्राफिक्स कार्ड सहसा नसतं. चित्र रंगवणारा भाग प्रोसेसरच्याच चिपवर बसवलेला असतो आणि त्याला स्वतःची मेमरी नसते. तो मुख्य रॅममधूनच सगळं उचलतो, तेही प्रोसेसर वापरतो त्याच वाटेने.

फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. ठिपक्याला चार बाइट धरले, तर सेकंदाला ६० चित्रांसाठी साधारण अर्धा जीबी माहिती लिहावी लागते. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा प्रत्येकी ८ बाइट देते, म्हणजे २५.६ जीबी. मग अडतं कुठे? अडतं ते यात, की एकच ठिपका अनेकदा रंगवला जातो. आधी मागची भिंत, मग तिच्यापुढचा खांब, वरून सावली, त्यावर धूर. दर वेळी ‘पुढे कोण, मागे कोण’ हे तपासायला ठिपका किती मागे आहे याचा आकडा वाचायचा, भिंतीवर चढवलेल्या विटांच्या चित्रातले शेजारचे ठिपके आणून त्यांची सरासरी काढायची. चिपवरची कॅश, म्हणजे छोटी वेगवान मेमरी, या सगळ्याला पुरत नाही, म्हणून बऱ्याच फेऱ्या रॅमपर्यंत जातात.

दोन पट्ट्या लावल्या की मेमरीतल्या जागांचे लागोपाठचे पत्ते दोघींत आळीपाळीने वाटले जातात, दोन्हींतून एकाच वेळी वाचता येतं आणि क्षमता ५१.२ जीबीवर जाते. आठ जीबी चार-चारच्या दोन पट्ट्यांत असली, तर टाकी तेवढीच, नळ मात्र दोन. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरमध्ये तर हे नावातच दिसतं: दोन पट्ट्या असल्या तर ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’, एकच असली तर त्याच चिपवर ‘यूएचडी’.

डीडीआर५ या नव्या प्रकारच्या एका पट्टीत दोन उपमार्ग असतात, म्हणून ‘एकच पट्टी ड्युअल चॅनेल’, म्हणजे दुहेरी मार्गाची, असं सांगितलं जातं. पण ते उपमार्ग ३२-३२ बिटांचे आहेत, बेरीज ६४च, डीडीआर४च्या एका पट्टीइतकी. दोन पट्ट्यांची रुंदी १२८.

प्रोसेसरच्या नावातल्या मोठ्या आकड्यावरही जाऊ नका. रायझन ५ ७५२०यू नवा वाटतो, पण त्याच्या ग्राफिक्समध्ये फक्त २ कॉम्प्युट युनिट, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे गट, आहेत. जुन्या ५५००यूमध्ये ७. इंटेलचा आय३-एन३०५ नावाने आय३, पण मेमरीचा मार्ग एकच. तिथे दुसरी पट्टी लावायची सोयच नाही.

दुकानात लॅपटॉपमधून निघणाऱ्या लहरी अडवतो म्हणून ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकरही पुढे केला गेला. त्याने लहरी खरंच अडल्या असत्या, तर वायफाय चाललं नसतं. २०२०मध्ये शेणाच्या चिपबद्दल असाच दावा राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी केला होता आणि शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. आपणही काउंटरवर पुरावा मागायला शिकलं पाहिजे.

आम्ही ५५००यूचा लॅपटॉप घेतला. घेण्याआधी दुकानातच विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहिली: स्लॉट, म्हणजे पट्टीच्या जागा, दोनपैकी एक वापरात. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख देऊन कायमची जोडलेली असते, म्हणून हे आधी बघायचं. घरी मागचं झाकण उघडलं, बॅटरीची पिन काढली, तशीच आठ जीबीची दुसरी पट्टी खाचेला खाच जुळवून तिरकी सरकवली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चिमट्या ‘टक’ करून बसल्या.

चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा. भाचीचा चेहरा उतरला. मी तिला थांब म्हटलं; नव्या पट्टीशी सिग्नलच्या वेळा जुळवून घ्यायला प्रोसेसरला पहिल्यांदा थोडा वेळ लागतो. मग विंडोज उघडलं. तिनेच टास्क मॅनेजर काढला आणि मोठ्याने वाचलं, “दोनपैकी दोन.”