कन्व्हर्टिबल गाडीच्या विटलेल्या टपाला पुन्हा रंग देणे

कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडून मागे दुमडता येतो अशा गाडीचा कापडी टप ऊनपावसाने विटतो, काळा असेल तर राखाडी नाहीतर तपकिरी दिसायला लागतो, आणि मग बाकी गाडी कितीही चकाचक असली तरी बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. असा टप न बदलता नीट धुऊन, वरून रंगाचे हात देऊन आणि शेवटी वॉटरप्रूफिंग करून परत बघण्यासारखा करणं म्हणजे टपाचं रिकलरिंग. नवीन टप बसवायचा तर जुना फ्रेमवरून सोडवा, नव्याचा ताण जमवा, मागच्या काचेचं बघा, असा बराच पसारा आणि खर्च असतो, म्हणून लोक आधी हे करून बघतात.

कापडी टप साधारण तीन थरांचा असतो: वर विणलेलं कापड, मध्ये पाणी अडवणारा रबराचा थर, आत अस्तर. चांगल्या टपाचं वरचं कापड बहुतेक ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचं असतं आणि त्यात धागा बनतानाच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे तो सहजासहजी उडत नाही. म्हणजे गंमत अशी की जे विटलेलं दिसतं त्यातलं बरंचसं विटलेलं नसतंच, तो विणीत अडकलेला धुरळा, हिरवं शेवाळ आणि बुरशी असते. तेव्हा आधी धुवा, वाळू द्या आणि मगच रंगाचं ठरवा, कित्येकदा डबा उघडायची गरजच पडत नाही.

धुवायला सौम्य साबण किंवा टपासाठीचा क्लीनर, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी लागतं. ब्रश विणीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचा, खसाखसा घासलं की कापडावर लव उठते आणि ती परत बसत नाही. प्रेशर वॉशर जवळून मारला तर शिवण उसवते. ब्लीच तर नकोच, ते शिवणीचा दोरा आणि आजूबाजूचं रबर खातं. फेस पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, कारण साबण राहिला तर पुढचं काहीच नीट धरत नाही.

टप आतपर्यंत वाळला की त्यावर चार थेंब पाणी टाकून बघायचं. पाणी कापडात शिरलं तर रंगही शिरेल, पण थेंब मोत्यासारखे वरच उभे राहिले तर जुनं वॉटरप्रूफिंग अजून शिल्लक आहे, ते क्लीनरने काढावं लागतं.

हा रंग म्हणजे कपडे रंगवायचा डाय नव्हे. ॲक्रिलिकला साधा डाय घरच्या घरी चढत नाही, त्यामुळे या डब्यांत बहुधा पाण्यात कालवलेलं पिगमेंट, म्हणजे रंगाची बारीक पूड, आणि ते धाग्याला चिकटवून ठेवणारा बाइंडर असतो. सावलीत, टप बंद आणि ताणलेला असताना, काच, पेंट आणि रबरी पट्ट्या मास्किंग टेपने झाकून फोम ब्रशने लावायचा. एकच जाड हात दिला की कापड कडक होतं आणि ओघळ दिसतात, दोन-तीन पातळ हात बरे. एक पूर्ण भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत एका दमात संपवायचा, मध्येच चहाला उठलं की जोडाची रेघ कायमची राहते! पेंटवर थेंब उडाला तर ओला असतानाच पुसायचा. मूळ रंग किंवा त्याहून गडद एवढंच जमतं, काळ्याचा बेज होत नाही.

व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या टपाला हा रंग चालत नाही, त्याला व्हिनाइलचाच स्प्रे लागतो, आणि आधी कधी सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय स्प्रेचे पोपडे निघतात.

रंग पूर्ण वाळल्यावर वॉटरप्रूफिंग मारायचं आणि तेही वाळेपर्यंत टप दुमडायचा नाही, नाहीतर घडीवर रंग एकमेकाला चिकटून निघतो. घडीवर झिजून धागे दिसायला लागले असतील, दोरा तुटत असेल किंवा आतून पाणी गळत असेल, तर मात्र रंगाचा काही उपयोग नाही, टपच बदलावा लागतो.