समूहानुरूपता

भोवतालची माणसे वेगळे म्हणतात म्हणून आपले मत, अंदाज किंवा वागणे बदलण्याच्या प्रवृत्तीला समाजमानसशास्त्रात समूहानुरूपता म्हणतात. वरिष्ठांच्या हुकमाचे पालन यात मोडत नाही. इथे दबाव असतो तो बरोबरीच्यांचा, आणि तो बहुधा कोणी बोलून दाखवत नाही.

मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा स्थिर ठिपका दाखवून तो किती सरकला, असे विचारले. अंधारात असा ठिपका हलल्याचा भास होतो. एकेकट्याचे अंदाज निरनिराळे होते. एकत्र बसवल्यावर ते जवळ येत गेले. मात्र खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसताना इतरांचा आधार घेणे शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

उत्तर डोळ्यांसमोर उघड असताना काय होते, हे सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात पाहिले. समोरच्या तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढेच सांगायचे होते. गटात खरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे तो, एकच. बाकीचे आधीच पढवलेले, आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचे बोलत. प्रयुक्तांनी या फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश वेळा गटाची री ओढली. तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी. यावरून माणसांना मेंढरे ठरवण्याची सवय पाठ्यपुस्तकांनाही लागली आहे. ती आकड्यांना धरून नाही, कारण दोन तृतीयांश उत्तरे बरोबरच होती.

त्याहून मोलाचे आहेत ते प्रयोगातले फेरफार. पढवलेले तिघे झाले की दबाव जवळपास पूर्ण होतो. आणखी माणसे बसवून तो फारसा वाढत नाही. उलट एकाने जरी खरे उत्तर दिले तरी तो कोसळतो. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले तरीही चुका बऱ्याच घटतात. डॉइच आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये यामागची दोन कारणे वेगळी केली: इतरांना अधिक माहीत असेल हा विश्वास, आणि आपण वेगळे पडू ही भीती.

गोव्यातल्या ग्रामसभेत वाड्यावरच्या शेजाऱ्यांदेखत हात वर करताना दुसरे कारण जोर धरू शकते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मतदान गुप्त होते. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. या निकालाचा अर्थ समूहानुरूपतेत शोधू नये, त्याची कारणे राजकीय आणि भाषिक होती. पण मराठीवादी वा कोंकणीवादी वाड्यात राहून उलट मत देण्याची मोकळीक त्या मतपत्रिकेत होती, हात वर करण्यात ती नसते.

बाँड आणि स्मिथ यांनी १९९६ मध्ये १७ देशांतले १३३ अभ्यास एकत्र तपासले. समूहाला महत्त्व देणाऱ्या संस्कृतींत अनुरूपता अधिक आढळली. अमेरिकेत ती १९५० च्या दशकापासून घटत आली होती.

प्रवाह उलटाही वाहतो. सर्ज मोस्कोव्हिसी यांच्या १९६९ च्या प्रयोगात सहांपैकी पढवलेले दोघे निळ्या स्लाइडना ठामपणे हिरव्या म्हणत राहिले, तेव्हा उरलेल्या चौघांची सुमारे ८ टक्के उत्तरे ‘हिरवी’ आली. तेच दोघे मधूनमधून निळी म्हणू लागले, तर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले.