चावी मागे राहिली तरी गाडी पुढे का जाते?

स्टेशनबाहेर गाडी चालूच ठेवून नवरा उतरतो, बायको स्टिअरिंगवर बसते आणि गाडी निघते. चावी नवऱ्याच्या खिशात आणि तो फलाटावर. गाडीत तीन-चार बीप होतात, मीटरवर चावी सापडत नसल्याचा संदेश येतो, पण इंजिन बंद पडत नाही. टाकीत तेल आहे तोवर ही गाडी घरीच काय, नाशिकलाही जाईल. एकदा बंद केली की मात्र पुन्हा सुरू होणार नाही. चावी खिशातच ठेवून पुश बटणाने गाडी सुरू करण्याची सोय हॅचबॅकपर्यंत पोचल्यापासून हा प्रसंग आपल्याकडेही घडू लागला आहे आणि अनेकांना तो गाडीतला दोष वाटतो. प्रत्यक्षात गाडी तशीच बनवलेली असते. त्यामागे सुमारे पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने घेतलेले निर्णय आहेत.

सुरुवात कुलपापासून करावी लागते. १९१२ च्या कॅडिलॅकपासून हँडल मारण्याऐवजी विजेचा स्टार्टर आला, तरी इग्निशनची चावी आणि स्टार्टरचं बटण किंवा पेडल पुढे कित्येक वर्षं वेगवेगळंच होतं. एकच चावी फिरवून दोन्ही कामं करण्याची पद्धत क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. त्या चावीला सुरक्षेचं उपकरण म्हणून कायदेशीर स्थान मिळालं ते १ जानेवारी १९७० पासून, अमेरिकेच्या ११४ क्रमांकाच्या मोटार सुरक्षा मानकामुळे. चावी काढली की इंजिन सुरू होता कामा नये, शिवाय स्टिअरिंग तरी अडकलं पाहिजे किंवा गाडी पुढे जाणं तरी थांबलं पाहिजे, असं या मानकाने सांगितलं. चालक चावी आत ठेवून दार उघडून निघाला तर बझर वाजलाच पाहिजे, हीही अट होती, कारण चोरीला जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांत चावी तशीच लटकत असे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना १९९२ मध्ये आणखी एक अट लागू झाली: गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, असल्याशिवाय चावी बाहेर येता कामा नये.

या व्यवस्थेत एक गोष्ट कुणालाही वेगळी लिहावी लागली नाही. गाडी चालू आहे तोवर चावी कुलपातच अडकलेली असते. चावी घेऊन उतरायचं तर इंजिन बंद करावंच लागतं. ‘गाडी चालू, चावी दुसरीकडे’ ही स्थिती लोखंडी कुलपामुळे आपोआपच टळत होती.

इलेक्ट्रॉनिक्स आलं ते चोरी रोखायला. १९८६ च्या कॉर्व्हेटच्या चावीत एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता. तो विजेला किती रोध करतो ते गाडी मोजायची आणि १५ ठरावीक मूल्यांपैकी योग्य मूल्य मिळालं तरच गाडी सुरू व्हायची. १९९० च्या दशकात युरोपात गाडीचोरी बोकाळली, विमा कंपन्या हटून बसल्या आणि युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात सेल नसलेली एक चिप असते आणि इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं, चिप त्यावरच जागी होते आणि आपला संकेत पाठवते. संकेत जुळला तर इंजिनचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, इंधन आणि स्पार्क सोडतो.

ही तपासणी फक्त एकदाच होते, स्टार्ट करताना. इंजिन चालू असताना इमोबिलायझरने मध्येच दगा दिला तर धावती गाडी बंद पडेल, म्हणून त्याने चालत्या इंजिनला हात लावायचा नाही असं आंतरराष्ट्रीय नियमांतही आलं. त्या काळासाठी निर्णय अगदी बरोबर होता. चावी कुलपात अडकलेलीच आहे, तर पुन्हा पुन्हा तपासायचं कशाला?

दरम्यान दारं लांबून उघडण्याचं तंत्र वेगळ्या वाटेने वाढत होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेनोच्या फ्युएगोत रिमोटने सेंट्रल लॉक उघडत असे. १९९३ च्या कॉर्व्हेटमध्ये बटणही दाबावं लागत नव्हतं, चावी जवळ आली की दार उघडायचं. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये चावी खिशातून न काढता गाडी उघडणं, सुरू करणं, बंद करणं असं सगळंच एकत्र आलं. इथे कुलूप गेलं. एकदाच तपासण्याची पद्धत मात्र तशीच राहिली, आणि आजच्या साऱ्या घोटाळ्याचं मूळ इथेच आहे.

आज बहुतेक गाड्यांत हे कसं चालतं ते नीट पाहण्यासारखं आहे. दारांच्या हँडलांत, डिकीजवळ आणि आत कन्सोलखाली किंवा सीटखाली मिळून चार-पाच अँटेना असतात. त्या १२५ किंवा १३४ किलोहर्ट्झवर हाक मारतात. ही हाक मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, एक-दीड मीटरच्या पलीकडे ती पोचत नाही. चावी उत्तर देते ते ४३३ मेगाहर्ट्झवर (अमेरिका आणि जपानमध्ये ३१५), आणि ते बरंच लांब जातं. कोणत्या अँटेनाची हाक किती जोरात ऐकू आली हे चावी मोजून कळवते. त्यावरून ती गाडीत आहे की दाराबाहेर, हे गाडी ठरवते.

गाडी ही हाक सतत मारत नाही. सारखी मारली तर चावीतला ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल फार लवकर संपेल. म्हणून ठरावीक क्षणीच विचारणा होते: हँडलला हात लागला, स्टार्ट बटण दाबलं, दार उघडून बंद झालं. ड्रायव्हर बदलताना बीप वाजतो तो या शेवटच्या विचारणेमुळे. दार न उघडता उघड्या काचेतून चावी बाहेर कुणाच्या हातात दिली, तर कित्येक गाड्या चकार शब्द काढत नाहीत.

मग कायद्याचं काय? चावी काढली की गाडी अडकली पाहिजे, असं मानक म्हणत होतं आणि इथे तर चावी खिशातून गेली तरी गाडी चालूच. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने, म्हणजे एनएचटीएसएने, २००६ मध्ये मानकातली व्याख्याच बदलली. चावी म्हणजे वस्तू किंवा इलेक्ट्रॉनिक कोड, असं ठरलं. खिशातली स्मार्ट की हे कोड पोचवण्याचं साधन, आणि स्टार्ट करताना गाडीत गेलेला कोड ही खरी चावी. इंजिन बंद होईपर्यंत तो कोड गाडीतच असतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने चावीही गाडीतच. उत्पादकांची अडचण यातून सुटली. चालकाच्या मनातली चावी मात्र त्याच्या हातात असलेलीच राहिली, आणि मानकातल्या प्रत्येक अटीमागे चालकाची तीच समजूत गृहीत होती. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला बदल हाच.

चावी दिसेनाशी झाली की इंजिन सरळ बंद का करत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. त्या वेगात इंजिन थांबलं तर पॉवर स्टिअरिंगची मदत जाऊ शकते आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. आणि चावी दिसेनाशी होण्यासाठी ती खरोखर बाहेर असावीच लागते असं नाही. सेल उतरलेला असतो, चावी चालू चार्जरला किंवा मोबाइलला चिकटून पडलेली असते, डब्यासारख्या धातूच्या वस्तूमागे दडलेली असते. अशा खोट्या कारणावर एक्सप्रेसवेवर इंजिन बंद करण्यापेक्षा बीप वाजवून गप्प बसणं कधीही शहाणपणाचं.

उलट अडचणही निघाली. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ डीलरने तात्पुरत्या दिलेल्या एका लेक्सस ईएस ३५० चं अॅक्सिलरेटर चुकीच्या मॅटखाली अडकलं आणि चौघांचा जीव गेला. त्या गाडीचं इंजिन धावताना बंद करायचं तर बटण तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं. नव्या चालकाला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं वागत होतं. जानेवारी २०११ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे २९४८ ही शिफारस काढली: बटण कसं वागावं, चावी बाहेर गेली किंवा इंजिन चालू ठेवून चालक उतरला तर कोणता इशारा द्यावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एनएचटीएसएने आवाजी इशाऱ्यांच्या सक्तीचा प्रस्ताव मांडला.

सर्वांत जास्त जीव गेले ते घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये. चावी घेऊन माणूस घरात जातो, त्याच्या लेखी गाडी बंद आहे. इंजिन चालूच असतं आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये २००६ पासूनचे असे किमान २८ मृत्यू मांडले. हायब्रिड गाडीत हा धोका ओळखणं आणखी अवघड जातं: ‘रेडी’ स्थितीत गाडी पूर्ण शांत असते आणि बॅटरी उतरल्यावर इंजिन आपोआप सुरू होतं. टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून अमेरिकेत ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद करण्याची सोय जाहीर केली आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने अशा सोयीचा नियम करण्याचं काम एनएचटीएसएवर सोपवलं. आपल्याकडे घराला चिकटलेलं बंद गॅरेज क्वचितच असतं. तरी बंगल्याखालच्या शटर लावलेल्या पार्किंगमध्ये हायब्रिड ठेवणाऱ्यांनी उतरण्याआधी मीटरवरचा ‘रेडी’ दिवा विझला आहे का ते पाहावं.

एकदाच तपासण्याचा फायदा चोरांनीही उचलला. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग दाखवला: गाडीची कमजोर हाक यंत्राने उचलून घरातल्या चावीपर्यंत पोचवायची, चावीचं उत्तर गाडीकडे आणायचं. दहाही गाड्या फसल्या. इंजिन एकदा सुरू झालं की चावी मागे राहिली तरी चोराचं काही अडत नाही, फक्त वाटेत बंद करायचं नाही. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी चावीत हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला. चावी टेबलावर स्थिर पडून असली की ती उत्तरच देत नाही. अल्ट्रा वाइडबँड चावी पुढे जाऊन रेडिओ लहरीच्या प्रवासाला लागलेला वेळ मोजते, त्यामुळे अंतराची फसवणूक अवघड होते. मात्र धावत्या गाडीत चावी नसली तर पुढे काय, याचं उत्तर याही चाव्यांनी बदललेलं नाही.

चावी मागे राहिल्याचं वाटेत लक्षात आलं, तर इंजिन बंद न करता चावीकडे परत जाणं हा एकच सरळ उपाय. आयडल स्टॉप-स्टार्ट (गाडी थांबली की इंजिन आपोआप थांबवणारी सोय) असेल तर त्याचं बटण दाबून ते आधी बंद करावं. सिग्नलला थांबलेलं इंजिन बहुतेक गाड्यांत आपोआप सुरू होतं, पण त्या स्थितीत बेल्ट काढून दार उघडलं तर काही गाड्या पूर्ण बंद होतात. पेट्रोल पंपाच्या रांगेत शिरू नये, तिथे इंजिन बंद करावंच लागतं. सीएनजीला तर सगळ्यांना खाली उतरवतात. काही मॉडेलं बंद केल्यावर काही सेकंद पुन्हा स्टार्ट होऊ देतात, त्या भरवशावर राहू नये. बंद पडलीच, तर ढकलणंही सोपं नसतं: इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक इग्निशनशिवाय सुटत नाही, स्टिअरिंग अडकू शकतं, ऑटोमॅटिकचा गिअर ‘पी’मधून निघत नाही. कनेक्टेड ॲपवरून घरच्यांनी दार उघडून दिलं किंवा एसीसाठी इंजिन सुरू करून दिलं, तरी चावीशिवाय गिअरमध्ये टाकायला गेलात की ते इंजिन बंद होतं.

चावी जवळ असूनही तोच संदेश येत असेल तर सेल उतरला आहे असं धरावं. चावीतली बिनसेलची जुनी चिप अजून तिथेच असते. चावी स्टार्ट बटणाला टेकवून (काही गाड्यांत कन्सोलमधल्या ठरावीक खाचेत ठेवून) ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबलं की गाडी सुरू होते. ती जागा आपल्या गाडीत नेमकी कुठे आहे ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि दार उघडायची साधी धातूची पात चावीच्या पोटातच सरकवून ठेवलेली असते.