होनोलुलू ते काहुलुई: १६२ किलोमीटरला पाऊण तास का?

हवाईच्या सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचं बोट एका ओळीवर अडतं. ओआहू बेटावरचं होनोलुलू ते माउई बेटावरचं काहुलुई, विमानाने सुमारे पाऊण तास. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम १६२ किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर हिशेब १२ मिनिटांचा निघतो. आम्ही वेळ चुकीची छापली नाही, हिशेबच तसा होत नाही.

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान गेटपासून हलण्याची असते आणि पोचण्याची वेळ पलीकडच्या गेटला लागण्याची. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, पुढच्या विमानांमागे नंबर लावणं, उतरल्यावर पुन्हा तेच, हे सगळं त्या पाऊण तासात आलं. प्रत्यक्ष हवेत साधारण पंचवीस मिनिटं.

हवेतही ८०० चा वेग फार वेळ मिळत नाही. अमेरिकेत १०,००० फुटांखाली विमानांना २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा आहे, आणि एवढ्याशा टप्प्यात विमान वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं. शिवाय माउईवर वारा बहुतेक दिवस ईशान्येकडून वाहतो. विमानाला वाऱ्याला तोंड करून उतरावं लागतं, म्हणून ते बरेचदा दक्षिणेकडून वळसा घेऊन, दोन डोंगरांमधल्या सखल पट्ट्यावरून काहुलुईला येतं. त्यातला पूर्वेचा डोंगर म्हणजे ३,०५५ मीटर उंचीचा हालेआकाला. मधल्या फटीत वारा कोंडून जोरात घुसतो आणि शेवटची काही मिनिटं विमान बऱ्यापैकी हलतं. इथे हे रोजचंच आहे. फक्त हातातलं सरबत त्याआधी संपवा.

जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो का? या टप्प्यावर दोन-चार मिनिटांचा, म्हणजे नसल्यासारखाच. लांबच्या प्रवासात मात्र वारा जाणवतो: लॉस एंजेलिस ते होनोलुलू सुमारे ४,११० किलोमीटर, तिथे पश्चिमेकडे जायला परतीपेक्षा सहसा जास्त वेळ लागतो. ओआहू आणि माउईचं घड्याळ एकच, त्यामुळे तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी करा.

खरी गडबड उडते ती कनेक्शनमध्ये. परदेशातून थेट होनोलुलूला उतरलात तर इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतं. बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, मग नव्याने सुरक्षा तपासणी. म्हणून आम्ही मध्ये किमान तीन तास ठेवतो. 'पाऊण तासाच्या विमानासाठी तीन तास?' असं कुणी म्हणालं तरी तो वेळ आम्ही कमी करत नाही. आणि टप्पा देशांतर्गत असला तरी पासपोर्ट बॅगेत टाकू नका, ओळखपत्र म्हणून तोच दाखवावा लागतो.

जाता जाता एक गंमत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा विमानप्रवास २.७ किलोमीटरचा आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. तिथे बहुधा सीटबेल्ट लावण्यातच प्रवास संपत असेल.

विमान चुकलं तर बोटीने जाऊ, असंही काही जण सुचवतात. ओआहू आणि माउईमधली मोठी फेरीबोट २००९ मध्ये बंद झाली. चुकलं तर पुढचं विमानच.