हिरवा तरणतलाव आणि उपसण्याची घाई

अलिबाग, कर्जत, लोणावळा किंवा उत्तर गोव्यात तयार बंगला विकत घेतला की मागच्या अंगणातला तरणतलावही पदरात पडतो. आधीच्या मालकाने वर्ष-दोन वर्षं तिकडे पाहिलं नसेल, तर पावसाळा सरताना त्यात गर्द हिरवं पाणी, तळाशी कुजक्या पानांचा लगदा आणि काठावर बेडूक असतात. नव्या मालकाला पहिल्यांदा सुचतं ते पंप लावून सगळं पाणी उपसणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हा विचार मनातून काढून टाकावा, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

हिशेब करून पाहू. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल आहे असं धरलं, तर त्यात सुमारे ४३ घनमीटर, म्हणजे ४३,००० लिटर पाणी मावतं. तळ आणि भिंती १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या असतील तर रिकाम्या सांगाड्याचं वजन साधारण २४ टन भरतं. तळाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. आता आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तळाच्या पातळीपेक्षा १ मीटर वर असेल, तर ते तळाला ३२ टनांच्या जोराने वर ढकलतं. आर्किमिडीजचं तत्त्व जसं बोटीला लागू, तसं जमिनीत गाडलेल्या टाकीलाही. आत ४३ टन पाणी आहे तोवर तलाव दबलेला राहतो. ते काढलं की २४ टनांचा सांगाडा ३२ टनांच्या रेट्यासमोर उभा असतो. मातीची पकड काही प्रमाणात धरून ठेवते, पण एखादा कोपरा दोन बोटं जरी उचलला गेला तरी तळाला तडा जातो, पाइपचे सांधे सुटतात आणि हे नुकसान पाणी पुन्हा भरून बरं होत नाही.

जमिनीतलं पाणी कुठवर आहे हे कळायला जवळच्या विहिरीत डोकवावं. कोकणात श्रावण-भाद्रपदात विहिरी काठोकाठ असतात, म्हणजे तलावाच्या भिंतीबाहेरही तेवढंच पाणी उभं आहे. काही तलावांच्या तळाच्या जाळीखाली दाब मोकळा करणारी झडप असते, पण वर्षानुवर्षं न हललेल्या झडपेवर भरवसा ठेवू नये. तडा बुजवायचा किंवा टाइल्स बदलायच्या असतील आणि रिकामा करणं भागच असेल, तर फेब्रुवारी-मार्च बरा. मे महिन्याच्या उन्हात कोरड्या टाइल्स तापून फुगतात आणि सुटतात.

शिवाय बहुतेक वेळा पाणी बदलायची गरजच नसते. हिरवेपणा सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि तो मारून गाळून काढता येतो.

त्याआधी एक काम त्याच दिवशी करायचं: कुंपण. हिरव्या पाण्यात हातभर खालचंही दिसत नाही, आणि आत पडलेलं मूल काठावरून दिसणार नाही. तात्पुरता का होईना, चारही बाजूंनी अडथळा उभा करावा आणि पाणी नितळ होऊन तळ दिसेपर्यंत कुणालाही आत उतरू देऊ नये. दुसरी निकड डासांची. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी वापरात नसलेल्या तरणतलावांतही वाढतो. काम सुरू व्हायला महिना लागणार असेल, तर महापालिका आणि ग्रामपंचायती हौदांत सोडतात तसे गप्पी मासे सोडता येतात. क्लोरीन घालण्याआधी मात्र मासे आणि बेडूक जाळीने काढून दुसरीकडे सोडावेत.

आता कचरा. लांब दांड्याच्या जाळीने पानं काढायची, सावकाश, तळ ढवळून न काढता. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळून थेट औषध ओतण्याचा मोह होतो. पण क्लोरीनला जिवंत शेवाळ आणि कुजलेलं आंब्याचं पान यांत फरक करता येत नाही. घातलेलं बरंचसं क्लोरीन पानांवरच खर्ची पडतं.

पंपघरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करावा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे आहेत ना, हेही पाहून घ्यावं. बंद राहिलेली मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो किंवा शाफ्ट जाम झालेला असतो. पंप आणि मोटर यांच्या मधून पाणी टपकत असेल तर मेकॅनिकल सील बदलायचं. पंप पाणी न ओढता हवाच ओढत असेल तर जाळीच्या डब्याच्या झाकणाखालची रबरी रिंग पाहावी. तिला सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं आणि रिंग लवकर जाते.

फिल्टर बहुधा वाळूचा असतो. त्याच्या डोक्यावर मल्टिपोर्ट झडप असते आणि तिच्यावर फिल्टर, बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने वाळू धुणं), रिन्स (नंतर वाळू खंगाळणं), वेस्ट (पाणी फिल्टर टाळून बाहेर सोडणं) अशा जागा असतात. पंप चालू असताना या झडपेची मूठ फिरवू नये. आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर फाटतं आणि मग गाळलेलं-न गाळलेलं पाणी एकमेकांत मिसळत राहतं. वाळू पाच-सात वर्षांहून जुनी असेल तर बदलणं इष्ट. तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर वाळू येत असेल, तर टाकीच्या बुडाशी असलेल्या फटींच्या नळ्यांपैकी एखादी तुटली आहे. बॅकवॉश केल्यानंतर दाबमापकावर येणारा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. त्याच्यावर दाब ८ ते १० पीएसआय (मापकावरचं एकक) चढला की पुन्हा बॅकवॉश, झडपेवरच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स.

पंप तासाला १० घनमीटर पाणी फिरवत असेल तर ४३ घनमीटरला सव्वाचार तास लागतात. पण तेवढ्या वेळात सगळं पाणी गाळलं जातं असं मानू नये. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत असल्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. हिरवा तलाव साफ होईपर्यंत पंप दिवसरात्र चालवायचा असतो, तो यासाठी.

आता रसायनं, आणि इथेच पावसाळ्याने केलेलं एक मोठं काम लक्षात घ्यायला हवं. कडक उन्हात उघड्या पाण्यातलं निम्मं क्लोरीन तासाभरात नाहीसं होतं. ते टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि थोडं थोडं सोडतं. ते ३० ते ५० पीपीएम (पाण्याच्या दशलक्ष भागांत तितके भाग) असेल तर उत्तम. पण बाजारात मिळणाऱ्या ९० टक्क्यांच्या पांढऱ्या गोळ्यांत, म्हणजे टीसीसीएत, हे आम्ल आधीपासून असतं. गोळ्यांनी क्लोरीन १० पीपीएम वाढवलं की सायन्युरिक आम्ल ६ पीपीएम वाढतं, आणि क्लोरीन संपलं तरी ते तसंच राहतं. रोज २ पीपीएमच्या हिशेबाने आठ कोरडे महिने गोळ्या टाकल्या तर जवळपास २९० पीपीएम आम्ल साचतं. इतक्या आम्लात क्लोरीन असूनही नसल्यासारखं होतं, आणि चाचणीत क्लोरीन दिसत असताना शेवाळ वाढत राहतं.

कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १.३५ मीटर खोलीच्या उघड्या तलावात तेवढं पाणी पडून मिसळलं आणि काठावरून वाहून गेलं, तर आधी विरघळलेल्यापैकी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. २९० चे ३० झाले! म्हणजे पावसाने पाणी फुकट बदलून दिलेलं असतं. त्याच पावसाने पाण्यातला चुनाही धुऊन नेलेला असतो, हे मात्र विसरू नये. देशावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे ६० टक्के आम्ल मागेच राहतं. तिथे आधी चाचणी करावी आणि आकडा १०० च्या वर असेल तर एका वेळी तिसरा हिस्सा, असं टप्प्याटप्प्याने पाणी बदलावं.

चाचणीचं साहित्य विकत घेताना काटकसर करू नये. ओटीओचे पिवळे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, कामाचं किती आणि वाया गेलेलं किती ते सांगत नाहीत. पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी फरक दाखवते, पण क्लोरीन फार असेल तर रंगच उडून जातो आणि शून्य आहे असं वाटतं. थेंब मोजून करायची एफएएस-डीपीडी चाचणी या कामाला सर्वांत भरवशाची.

पीएच आधी ७.२ वर आणावा. क्लोरीनचा जंतू आणि शेवाळ मारणारा भाग हायपोक्लोरस आम्लाचा असतो. पीएच ७.२ ला तो जवळपास दोन तृतीयांश असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला पाव. पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक आम्ल, आपल्या तलावात एका वेळी २५० मिलिलिटर, बादलीभर पाण्यात घालून. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. तासाभराने पुन्हा मोजायचं. पावसाच्या पाण्याने क्षारता, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, ८० पीपीएमच्या खाली गेली असेल तर पीएच जराशा धक्क्याने वर-खाली उड्या मारतो. तेव्हा खायचा सोडा घालावा, आपल्या तलावात दर १० पीपीएमला ७२० ग्रॅम.

मग क्लोरीन. १ पीपीएम म्हणजे घनमीटरला १ ग्रॅम, त्यामुळे हिशेब सोपा आहे. सायन्युरिक आम्ल ३० असेल तर क्लोरीन १२ पीपीएमवर न्यायचं, म्हणजे ५१६ ग्रॅम क्लोरीन. ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटचे ८०० ग्रॅम किंवा १० टक्क्यांच्या द्रव हायपोक्लोराइटचे सव्वापाच लिटर. द्रव कारबॉय उन्हात पडलेला असेल तर त्याचा जोर उतरलेला असतो, ताजा मागवावा. कॅल्शियमवाल्या पावडरीने पावसाने नेलेला चुना थोडा परत येतो, म्हणून कोकणात पावसाळ्यानंतर तीच घ्यावी. चुना अगदीच कमी झालेलं पाणी टाइल्समधला सिमेंटचा सांधा खातं.

हायपोक्लोराइट आणि टीसीसीए एकमेकांत कधीही मिसळू नयेत, एकच चमचा दोन्हींत घालू नये. आग लागते, स्फोट होतो. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. डबे वेगवेगळ्या कोरड्या खोल्यांत ठेवावेत, आणि पंपघर ओलं असेल तर तिथे अजिबात नाही.

एकदा १२ पीपीएम करून झोपायला जाणं हा दुसरा नेहमीचा घोटाळा. पहिल्या दिवशी तासा-दोन तासांत क्लोरीन खाली येतं, कारण शेवाळ ते खात असतं. मोजून पुन्हा १२ वर न्यायचं, जमेल तितक्या वेळा. भिंती, पायऱ्या आणि शिडीच्या मागचा भाग रोज नायलॉनच्या ब्रशने घासायचा. तारेचा ब्रश नको, तुटलेल्या तारांचे गंजके डाग टाइल्सवर बसतात. रंग हिरव्यापासून राखाडी, मग दुधाळ होत जातो. दुधाळ झाला की शेवाळ मेलं, आता ते गाळायचं राहिलं. यात चार दिवस लागतात, कधी दोन आठवडेही.

क्लोरीन घालताच पाणी चहासारखं तांबूस झालं तर घाबरू नये. जांभ्या दगडाच्या मुलखात बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं, ते क्लोरीनने गंजून रंग देतं. भर घालण्याआधी बोअरच्या बादलीभर पाण्यात चिमूटभर क्लोरीन टाकून पाहिलं की हे आधीच कळतं.

गढूळपणा बसवायला आपल्याकडे तुरटी वापरतात आणि ती खरंच काम करते. तिच्यापासून तयार झालेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके बारीक कण पकडून तळाशी नेतात. घनमीटरला ३० ते ५० ग्रॅम, म्हणजे दीड-दोन किलो विरघळवून पसरावी, रात्रभर पंप बंद ठेवावा. सकाळी तळावर राखाडी साय बसलेली दिसेल. ती व्हॅक्यूमने ओढताना झडप वेस्टवर हवी. फिल्टरवर राहिली तर तो थर वाळूत घट्ट बसतो. तुरटी क्षारता खाते, त्यामुळे नंतर पुन्हा मोजावं. मोरचूद घालण्याचा सल्ला मिळेल. तांबं शेवाळ मारतं खरं, पण पाण्यातच राहतं आणि पुढे टाइल्सवर निळे-काळे डाग उमटवतं.

काम पूर्ण झालं की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजावं आणि उजाडण्याआधी पुन्हा. रात्री ऊन नसतं, म्हणून घट झालीच तर ती शेवाळाने किंवा घाणीने केलेली. घट १ पीपीएमच्या आत, बांधलं गेलेलं (घाणीशी जुळून वाया गेलेलं) क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत आणि खोल बाजूच्या तळाच्या जाळीचा स्क्रू काठावरून दिसतो आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की क्लोरीन ३-४ पीपीएमपर्यंत उतरू द्यायचं आणि पुढे रोज संध्याकाळी लागेल तेवढंच घालायचं.

उरला गळतीचा प्रश्न, तोही पाणी न उपसता सुटतो. वरच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करावी. २४ तासांनी दोन्ही सारखीच उतरली असेल तर ते बाष्पीभवन. तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर पंप बंद ठेवून हीच चाचणी पुन्हा करावी. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर दोष परतीच्या पाइपात, दोन्ही वेळा सारखंच उतरत असेल तर तलावाच्या सांगाड्यात किंवा दिव्याच्या खोबणीत शोधायला लागावं.